तिसरी तुळई

"लव्हा, आडवा झालास का?" येसूदानं वरून विचारलं.

"झालो."

"मग आता फळी बसवतो. वरचा उजेड जाईल. बॅटरी लाव."

मी बॅटरी लावून दातांत धरली. वर फळी सरकली, दोन खिळे ठोकले गेले आणि माझ्या नाकापासून वीतभर वर अंधार पडला. पाठीखाली तांबडी माती होती, कोरडी, भुकटीसारखी. डोक्यामागं काळ्या पाइपाची गुंडाळी. डिसेंबरचा महिना. पाचगणीची थंडी त्या बंगलीखाली आणखीच साचून राहिली होती आणि पाइप इतका ताठरला होता, की गुंडाळी सोडली तरी तो गोलच राहायला बघायचा.

पाचगणीतल्या जुन्या बंगल्यांना फळ्यांची जमीन असते. खाली दगडी ठोकळे, ठोकळ्यांवर आडव्या तुळया, तुळयांवर फळ्या. जमीन आणि माती यांच्यामध्ये दीड हाताची पोकळी ठेवलेली असते, म्हणजे ओल वर चढत नाही. मागच्या भिंतीत एक लहान दार असतं, त्यातून सरपटत आत जायचं. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो आणि काठीसारखा बारीक. नळाच्या कामात त्याचा उपयोग व्हायचा.

ही बंगली सिस्टरची. नाव एस्तेर रणपिसे, पण गावात त्यांना सगळे सिस्टरच म्हणायचे. क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात त्यांनी चौतीस वर्षं नर्सचं काम केलं. लग्न केलं नाही. ज्या पारशी म्हाताऱ्याची त्यांनी शेवटची सहा वर्षं सेवा केली, त्यानं मरताना ही तीन खोल्यांची बंगली त्यांच्या नावानं करून दिली होती. जमिनीच्या बऱ्याच फळ्या आणि तीन तुळया जुन्या होऊन वाळवीनं खाल्ल्या होत्या, त्या बदलायला येसूदा आला होता. लोखंडी नळ गंजून चाळण झाला होता, तो काढून काळा पाइप टाकायला मी.

येसूदा म्हणजे यशवंत सुतार. माझं नाव लहू, पण तो मला लव्हाच म्हणायचा. आमच्याकडं सुतार पुष्कळ होते, पण लाकूड घ्यायचं झालं की लोक येसूदाला सोबत नेत. वखारीत तो लाकडावर हातोडी मारून कान लावायचा आणि "हे घ्या", "हे राहू द्या" एवढंच म्हणायचा. का, ते सांगायचा नाही. सिस्टरच्या तुळयांसाठी त्यानं तीन वखारी फिरून ऐनाचं लाकूड आणलं होतं.

"तिसरीखाली पोचलास का?" त्यानं विचारलं.

"पोचतोय."

"बघ कशी हाय ती. असं लाकूड आता मिळायचं न्हाय. सिस्टर जातील, मी जाईन, ती तुळई ऱ्हाईल."

"ऐकलं बरं का मी," सिस्टर स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मला एवढ्यात पाठवू नका. नाताळ होऊ द्या."

फळ्यांमधून सगळं ऐकू यायचं. त्यांच्या सपाता, कपबशीचा आवाज, येसूदाचं खोकणं.

लोखंडी नळ जिथं लावाल तिथं राहतो. काळा पाइप राहत नाही. तो उन्हाळ्यात लांबतो, थंडीत आखडतो, मोटार सुरू झाली की अंग झटकतो. म्हणून त्याला दर दोन हातांवर क्लॅम्प मारून धरायचं, पण आवळायचं नाही, हलायला जागा ठेवायची. वळवायचा तर मोठं वळण घ्यायचं. जागा नसेल तर कापून कोपऱ्याचा जोड बसवायचा. जबरदस्तीनं वळवला की त्याला मुरड पडते, मुरडीवर पांढरी रेघ उमटते. रेघ उमटली की तेवढा तुकडा फेकून द्यायचा. हे मला तेव्हाही माहीत होतं.

तिसऱ्या तुळईपाशी पाइप न्हाणीकडं वळवायचा होता. तिथंच जुन्या धुराड्याचा दगडी पाया आडवा आला होता, त्यामुळं वळणाला जागा हातभरसुद्धा नव्हती. माझ्याकडचे कोपऱ्याचे दोन्ही जोड पुढच्या दारापाशी संपले होते. क्लॅम्पही संपले होते. मोजून आणायला हवे होते, मी अंदाजानं आणले होते.

मी दोन्ही हातांनी पाइप ओढला, गुडघा लावला आणि वळवला. तो वळला. बॅटरीच्या उजेडात आतल्या बाजूला पांढरी रेघ दिसली. हात सोडला तर पाइप उसळून सरळ व्हायला लागला. खिशात बांधायची तार होती. मी तारेचे तीन वेढे देऊन पाइप तुळईला आवळून टाकला आणि पक्कडीनं पीळ भरला.

"लहू, गरम पाणी देऊ का रे ओतायला?" सिस्टरनी विचारलं. "थंडीनं वाकत नसेल ना ते?"

"नको सिस्टर. झालं."

त्या दिवशी चार वाजता मला एका नव्या हॉटेलच्या मालकानं बोलावलं होतं. चाळीस खोल्यांचं काम. तीन वाजून गेले होते.

"शेवटची फळी लावू का मग?" येसूदानं विचारलं. "का काही राहिलंय?"

मागचं दार होतंच, नंतर केव्हाही आत येता आलं असतं. सोमवारी वाईहून जोड आणि क्लॅम्प आणू, तुकडा बदलू.

"लावा," मी म्हणालो.

बाहेर येऊन अंगावरची माती झटकली. सिस्टरनी न्हाणीतला नळ उघडला, पाणी धो धो आलं. त्यांनी दोन्ही हात पाण्याखाली धरले आणि आम्हाला ओटीवर बसवून करंज्या दिल्या. येसूदा नव्या जमिनीवरून अनवाणी चालत होता, टाच आपटून बघत होता. "कुठं आवाज करते का बघा," तो म्हणाला. जमीन आवाज करत नव्हती.

सोमवारी मी गेलो नाही. हॉटेलचं काम मला मिळालं.

पुढं एक पावसाळा गेला. दुसरा सुरू झाला. पाचगणीचा पाऊस जूनला सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत कपडे वाळत नाहीत. ऑगस्टच्या मध्यावर एका बुधवारी शेजारच्या बंगल्यातली बाई सिस्टरना दूध द्यायला गेली, तर त्या न्हाणीच्या दाराशी पडलेल्या. तिथली जमीन खचली होती. उजवा पाय मांडीपर्यंत फळ्यांखाली गेलेला, खुब्याचं हाड मोडलेलं. पहाटे पाचला पडल्या होत्या, बाई गेली साडेनऊला. साडेचार तास त्या तशाच होत्या. त्यांना वाईच्या दवाखान्यात नेलं.

दुपारी त्यांचा पुतण्या अमोस पुण्याहून आला. बँकेत साहेब होता. त्यानं येसूदाला बोलावलं आणि मलाही, कारण खाली पाणी वाजतंय असं शेजारणीनं सांगितलं होतं.

मी मागच्या दारातून आत शिरलो. पाऊस चालू होता. दारापाशीच माती चिकट लागली, पण ती पावसाची असेल असं मला वाटलं. तिसऱ्या तुळईपाशी पोचलो आणि बॅटरी वर केली.

तारेनं पाइप कापला होता. मोटार सुरू झाली की पाइप अंग झटकायचा आणि प्रत्येक झटक्याला तार थोडी आत जायची. मुरडीच्या पांढऱ्या रेघेवरच एक बारीक चीर पडली होती, आणि तिच्यातून केसासारखी पाण्याची धार सरळ तुळईवर उडत होती. किती महिने उडत असेल, देव जाणे. तुळईच्या दगडाकडच्या टोकाला पांढरी बुरशी चढली होती. मी बोट लावलं तर बोट आत गेलं. तिथून दोन हात पुढं तीच तुळई कोरडी होती. मी तिथंही नख मारून बघितलं. नख उमटलं नाही.

वरून आवाज येत होते.

"नवीन तुळई आहे म्हणून सांगितलं होतं ना तुम्ही?" अमोस म्हणत होता. "दोन वर्षंही झाली नाहीत!"

"नवीच हाय साहेब. ऐन हाय. मी स्वतः..."

"मग कुजली कशी? सांगा ना! कच्चं लाकूड घातलंत. नाहीतर जुनंच रंगवून घातलंत."

"तसं करीन का मी? सिस्टरच्या घरात?"

"आत्या सत्तर वर्षांची आहे. या वयात खुबा मोडला म्हणजे काय होतं, कळतं का तुम्हाला?"

मग अमोस फळ्यांवर ओणवा झाला असावा, कारण त्याचा आवाज एकदम जवळ आला.

"प्लंबर! पाइप फुटलाय का खाली?"

मी पाठीवर पडलो होतो. पाण्याची ती धार माझ्या हातावर उडत होती, गार. माझ्या घरी दहा महिन्यांची मुलगी होती. हॉटेलचं काम अर्ध्यात होतं. खरं सांगायचं तर यातलं काही तेव्हा डोक्यात आलंच नाही. तोंडातून आधी गेलं.

"नाही साहेब. पाइप चांगला आहे. जमीन खचली तेव्हा एक जोड सैल झालाय. करतो नीट."

"आणि तुळई?"

"कुजलीय."

वर येसूदाची पावलं बाहेर गेली.

मी बाहेर जाऊन मुख्य नळ बंद केला आणि पिशवी घेऊन परत आत गेलो. या खेपेला जोड होते, क्लॅम्पही होते. तार तोडली. मुरडीचा हातभर तुकडा कापून काढला आणि कोपऱ्याचा जोड बसवला. दर दोन हातांवर क्लॅम्प मारले, सैल, हलायला जागा ठेवून. कापलेला तुकडा सदऱ्याच्या आत पोटाशी धरला आणि बाहेर आलो.

येसूदा पावसात आंब्याखाली उभा होता. डोक्यावर पोतं घेतलं होतं, तरी भिजला होता.

"लव्हा, तू बघितलीस. कशी हाय?"

"टोकाला गेलीय येसूदा."

"भुसभुशीत?"

"हो."

"बोट जातं?"

"जातं."

"ठोकून बघितली होती रे मी," तो म्हणाला. "घंटेसारखी वाजली होती." मग म्हणाला, "मी जातो आत. वरच्या भोकातून टोक दिसत न्हाय. मला बघू दे."

तो पन्नाशीचा आणि अंगानं आडवा. त्या दारातून त्याचे खांदे जाईनात. दोनदा प्रयत्न केला. मी त्याच्या मागं उभा होतो. तो आत गेला असता तर त्याला कळलं असतं. ओल कुठून सुरू झाली आणि कुठं थांबली, हे लाकूड त्याला सांगत असे. त्याचे खांदे अडकले तेव्हा मला बरं वाटलं. ते मला अजून आठवतं.

चार दिवसांनी अमोसनं साताऱ्याची माणसं आणून जमीन उखडून काढली आणि सिमेंट भरून फरशी घातली. तुळया फोडून सरपणाला गेल्या. पाइपही सगळा निघाला.

सिस्टर एकोणीस दिवस जगल्या. पडून राहून छातीत कफ भरला आणि गेल्या.

येसूदाला पोलिसांनी काही केलं नाही. अमोसनंही तक्रार दिली नाही. पण पाचगणी लहान आहे. बाजारात बायका म्हणायच्या, येसू सुतारानं सिस्टरच्या घरात कुजकं लाकूड घातलं. नवरात्रात त्याच्याकडं देव्हाऱ्याचं काम होतं, ते दुसऱ्याला गेलं. एका शाळेच्या बाकांचं गेलं. पण मी सांगतो, काम गेलं म्हणून तो घरी बसला असं नाही. दोघंतिघं जण त्याच्याकडं आले होते, मला माहीत आहे, कारण त्यातल्या एकाचं नळाचं काम मी करत होतो. येसूदानंच त्यांना परत पाठवलं. म्हणाला, "मला आता लाकूड कळत न्हाय. दुसरा बघा."

दिवाळीनंतर त्यानं दुकान बंद केलं आणि वाईच्या पलीकडं, मुलीच्या गावी राहायला गेला. बायको आधीच वारली होती. तिकडं तो एका रोपवाटिकेत राखणीला राहिला, असं कानावर आलं.

माझं चांगलं चाललं. हॉटेलानंतर आणखी दोन हॉटेलं मिळाली. मुलगी शिकली, तिचं लग्न झालं. मी कामात अतिशय काटेकोर म्हणून नाव झालं. क्लॅम्प कमी पडला तर मी काम थांबवतो, मालक कितीही ओरडो. हाताखालची पोरं हसतात. मी तार वापरत नाही.

एकवीस वर्षांनी, गेल्या वर्षी माघात, एक बाई घरी आली. "तुम्ही लहूभाऊ पार्टे का? मी हौसा. येसू सुताराची."

मी तिला बसा म्हणालो नाही. तिला वाटलं मी ओळखलं नाही.

"बाबा म्हणाले, नळाचं काम लव्हालाच दे. त्याच्यासारखं काम कोण करत न्हाय. आम्ही घर बांधतोय."

मी नाही म्हणू शकलो असतो. पण गेलो. रोज सकाळच्या एसटीनं घाट उतरायचो आणि संध्याकाळी वर यायचो. येसूदा ओसरीवर बसलेला असायचा. वाळला होता, कानानं कमी ऐकायचा, पण नजर चांगली होती. पहिल्या दिवशी त्यानं माझा हात धरला आणि "लव्हा, जाड झालास रे," म्हणाला. आनंद झाला होता त्याला. मी तिथं जास्त उभा राहिलो नाही, कामाला लागलो.

तिसऱ्या दिवशी न्हाणीचा पाइप टाकताना मी हौसाला विचारलं, "हौसाताई, चौकटी सगळ्या लोखंडी कशा घेतल्या? घरात सुतार असताना?"

"काय सांगू भाऊ," ती म्हणाली. "मी म्हटलं, बाबा, निदान देवघराची चौकट तुम्ही करा. तर म्हणाले, माझ्या लाकडानं एक माणूस मेलंय. तुझ्या घरात माझं लाकूड नको. माझ्या पोरांना साधा विटीदांडू करून दिला न्हाय कधी. हातात लाकूड आलं की वास घेतात, ठोकतात आणि ठेवून देतात."

मी पक्कड खाली ठेवली. हात धुतले आणि ओसरीवर गेलो.

येसूदा शेंगा फोडत बसला होता. मी त्याच्या समोर जमिनीवर बसलो.

"येसूदा, सिस्टरची तुळई कुजकी नव्हती."

"काय?"

मी मोठ्यानं म्हणालो. "तुळई चांगली होती. माझा पाइप गळत होता. तिसरीच्या टोकाला. मी तारेनं बांधला होता, तारेनं तो कापला. पाणी तुळईवर उडत होतं, वर्षभर, जास्तच. मी बघितलं आणि लपवलं. तुकडा कापून घरी नेला."

त्याच्या हातातली शेंग तशीच होती. मला वाटलं त्याला ऐकू आलं नाही, म्हणून मी परत तोंड उघडलं. त्यानं हात वर केला.

"टोकाला?"

"टोकाला. दगडापाशी."

"आणि म्होरं?"

"पुढं कोरडी होती. मी नख मारून बघितलं. उमटलं नाही."

"नख उमटलं न्हाय," तो म्हणाला.

त्यानं हातातली शेंग खाली ठेवली. मग त्यानं हौसाला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली.

"सांग हिला," तो मला म्हणाला. "मला सांगितलंस तसं. सगळं."

मी सगळं परत सांगितलं. मान वर करून सांगता आलं नाही. हौसा मध्येच भिंतीला टेकून खाली बसली.

"तुम्ही आमच्या घरी जेवलात," ती म्हणाली. "परवा. आमच्या ताटात."

"गप, हौसा," येसूदा म्हणाला. मला विचारलं, "आणखी काय हाय?"

आणखी होतं. ते मी माझ्या बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

"सिस्टरना बघायला मी दवाखान्यात गेलो होतो. एकदाच. त्या शुद्धीवर होत्या. मला जवळ बोलावलं आणि म्हणाल्या, लहू, खरं सांग, खाली पाणी गळत होतं का? मला रात्री सारखा आवाज यायचा, कुणी दाताआडून श्वास घेतंय तसा. मी उठून दिवा लावून बघायची. मला वाटायचं उंदीर असतील, मग वाटायचं कुणी पेशंट आहे. मी म्हणालो, नाही सिस्टर, पाणी नव्हतं. तर म्हणाल्या, मग माझं डोकं फिरायला लागलं असेल. म्हातारपणी असं होतं, मी पुष्कळांचं पाहिलंय. अमोसला सांगू नको."

येसूदानं डोळे मिटले होते.

"तसंच समजून गेली ती?" त्यानं विचारलं.

"हो."

तो उठला. आत जाऊन टोपी घालून आला. पायात वहाणा घातल्या.

"बाबा, कुठं?" हौसानं विचारलं.

"पाचगणीला. ह्याच्यासंगं."

एसटीत तो खिडकीपाशी बसला आणि मी त्याच्या शेजारी. पसरणीचा घाट चढेपर्यंत तो बाहेरच बघत होता. स्टँडवर उतरल्यावर एवढंच म्हणाला, "कुठं ठेवलंय तिला, दाव. मातीला मी आलो न्हवतो. कुठल्या तोंडानं येणार होतो?"

ख्रिस्ती कबरस्तान गावाच्या कडेला आहे, सुरूच्या झाडांत. दुपारची वेळ होती, कुणी नव्हतं. मला कबर माहीत होती. मी फाटक उघडून आत पाऊल टाकलं, तर त्यानं माझ्या दंडाला धरून मला मागं ओढलं. त्या वयात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"नुसती सांग. कितवी?"

"भिंतीकडनं चौथी. काळा दगड आहे. नाव आहे वर."

तो एकटा गेला. वहाणा फाटकाशी काढून ठेवल्या होत्या. कबरीपाशी तो अवघडत खाली बसला, हात टेकून. लांबून मला त्याची पाठ दिसत होती. मध्ये मध्ये टोपी हलायची, म्हणजे तो बोलत असावा. अर्धा तास गेला, कदाचित जास्त. मी फाटकाला धरून उभा होतो. रस्त्यानं एक ओळखीचा माणूस गेला, "काय लहूशेठ, इथं?" म्हणाला.

येसूदा परत आला तेव्हा त्याचे गुडघे तांबड्या मातीनं भरले होते. त्यानं वहाणा घातल्या. मला राहवलं नाही.

"काय म्हणालात?"

तो न थांबता चालत राहिला. "तिला सांगितलं, बाई, तुझं डोकं शाबूत होतं. आवाज खरा होता."

स्टँडपर्यंत मी त्याच्या दोन पावलं मागं चाललो. वाईची गाडी लागलेलीच होती. तो पायरीवर चढला. मी म्हणालो, "सोडायला येतो खाली. काम पण अर्धं आहे. माझी हत्यारं तिथंच राहिलीत."

तो वळला. त्याच्या तोंडावर राग होता असं मला म्हणता येणार नाही. थकला होता फार.

"हत्यारं उद्या कंडक्टरकडं देतो," तो म्हणाला. "तू आता खाली येऊ नको, लहू."

त्यानं मला कधी लहू म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या गाडीनं पिशवी आली. सगळं होतं, पक्कड, पाने, करवत, उरलेले क्लॅम्पसुद्धा कागदात बांधून दिले होते. हौसाच्या घराचं राहिलेलं काम वाईच्या एका माणसानं पुरं केलं. तो मला ओळखतो. पुढं एकदा दुकानात भेटला तेव्हा म्हणाला, "घर झकास झालंय. देवघराची लोखंडी चौकट काढून लाकडी बसवलीय, म्हाताऱ्यानं स्वतः केली. पण तुमचं नाव काढलं की त्या घरात कुणी बोलत नाही. काय झालं हो?"

मी त्याला सांगितलं.